उणे १६३ अंशांतला वारा

मुंबईहून हैदराबादला जाणारं जेट विमान सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्याजवळून जातं, तेव्हा ते साधारण दहा किलोमीटर उंचीवर असतं. खाली मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर असला, तरी विमानाच्या खिडकीबाहेरची हवा उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहरात विमानांच्या प्रतिकृती तपासायला उणे १६३ अंशांपर्यंत थंड केलेला वारा वापरतात असं कळलं, की वाटतं, आकाशातल्या थंडीचीच ही नक्कल असणार. तसं मुळीच नाही. इतकी थंडी कुठल्याही विमानाला आकाशात कधी भेटत नाही. लहानशा प्रतिकृतीभोवतीचा वारा मोठ्या विमानाभोवतीच्या वाऱ्यासारखा वागावा, यासाठी ही थंडी लागते. तिचा सगळ्यात मोठा त्रास होतो तो प्रतिकृतीच्या पंखात बसवलेल्या दाबाच्या सेन्सरला. त्याचं तोंड मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या दाण्याहून लहान असतं, आणि लाखो तासांच्या मेहनतीचा निकाल त्या तोंडातून निघणाऱ्या काही मिलिव्होल्टवर ठरतो.

सोलापूरशी या विषयाचं नातं जरा लांबून येतं, पण ते भक्कम आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला भागीदार करून बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं मूळ तेच. बांधकाम, साखर, जहाजं असे एकेक धंदे उभे करणाऱ्या या माणसानं, देशात मोटारसुद्धा बनत नव्हती त्या काळात, विमान बनवायचा ध्यास घेतला. महायुद्ध चालू होतं. दोनच वर्षांत कारखान्याचा ताबा सरकारकडे गेला. पण विमान बनवायचं तर पत्रे, रिव्हेट आणि कुशल कारागीर एवढ्यानं भागत नाही. वारा समजणारी माणसं लागतात.

अशांपैकी पहिलं नाव घ्यायचं ते विष्णू माधव घाटगे यांचं. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैमानिकी शिकवली. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. ते भारतीयांनी स्वतः आखून बनवलेलं पहिलं विमान. पुढे ज्या ‘किरण’ विमानावर हवाई दलाच्या कित्येक पिढ्या जेट उडवायला शिकल्या, तेही त्यांच्याच हाताखाली घडलं. सोलापूरचा उद्योजक आणि गडहिंग्लजकडचा शास्त्रज्ञ यांची नावं भारतीय विमानाच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी आहेत, आणि आपल्या शाळांतल्या मुलांना ती माहीत नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाटग्यांचे गुरू प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटा निबंध वाचला होता. उणे १६३ अंशांची गरज का पडते, याचं बीज त्या निबंधात आहे. पंखावरून वारा वाहतो तेव्हा पृष्ठभागाला अगदी चिकटलेली हवा पंखासोबतच असते, पंखाच्या मानानं ती हलतच नाही. थोडं वर गेलं की हवा पूर्ण वेगानं वाहत असते. या दोहोंच्या मधला पातळ थर म्हणजे सीमास्तर. हवेच्या चिकटपणाचा खेळ मुख्यतः याच थरात चालतो, असं प्रांटल यांनी दाखवलं. मोठ्या विमानाच्या पंखावर तो काही सेंटिमीटर जाडीचा असतो. पण पंखावरून वारा सुरळीत जाणार की मध्येच सुटून भोवरे करणार, हे त्याच्यावर अवलंबून राहतं.

हा थर कसा वागेल ते एका आकड्यावरून कळतं. हवेची घनता, तिचा वेग आणि पंखाची रुंदी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला हवेच्या चिकटपणानं भागायचं. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये नळीतल्या पाण्यावर प्रयोग करून या गुणोत्तराचं महत्त्व दाखवलं, म्हणून तो रेनॉल्ड्स अंक. मोठं प्रवासी विमान उंचावर उडताना त्याच्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक पाच कोटींच्या घरात असतो. त्याच विमानाची तिसाव्या हिश्शाची प्रतिकृती साध्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, साध्या दाबाच्या हवेत, त्याच माख अंकावर (वाऱ्याचा वेग भागिले ध्वनीचा वेग) तपासली तर तो येतो तीस लाखांच्या आसपास. फरक सोळा-सतरा पटींचा.

या फरकाची किंमत मोजावी लागलेली आहे. अमेरिकेचं सी-१४१ हे लष्करी मालवाहू विमान डिसेंबर १९६३ मध्ये पहिल्यांदा उडालं. ध्वनीच्या वेगाजवळ उडताना पंखाच्या वरच्या बाजूला एक आघात-तरंग उभा राहतो. तिथं हवेचा दाब एकदम चढतो. बोगद्यातल्या प्रतिकृतीवर तो तरंग जिथं दिसला होता, त्याच्या बराच मागे तो प्रत्यक्ष विमानाच्या पंखावर उभा राहिला. पंखावरचा भार ज्या जागी पडेल असं गृहीत धरलं होतं तो तिथून सरकला, विमानाचं नाक खाली-वर करू पाहणारा जोरही बदलला. प्रतिकृतीवरचा सीमास्तर तुलनेनं जाड होता आणि तरंगाच्या धक्क्यानं लवकर सुटत होता, हे कारण नंतर स्पष्ट झालं. मोजणाऱ्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी बरोबर मोजलं होतं, पण चुकीच्या रेनॉल्ड्स अंकावर.

मग हा अंक वाढवायचा कसा? बोगदा प्रचंड मोठा बांधला तर प्रतिकृतीही मोठी करता येईल, पण तो चालवायला शहराला पुरेल इतकी वीज लागेल. हवेचा दाब वाढवला तरी घनता वाढते. प्रांटल यांचेच शिष्य माक्स मुंक यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेच्या लँगली प्रयोगशाळेत वीस वातावरणांच्या दाबाचा बोगदा उभारून तेच केलं होतं. पण दाब वाढला की प्रतिकृतीवरचा भारही वाढतो, पंख वाकतात, आणि वाकलेला पंख म्हणजे वेगळाच पंख.

तिसरा रस्ता थंडीचा. वायू थंड केला की तीन गोष्टी एकदम घडतात. तो दाट होतो, त्याचा चिकटपणा कमी होतो आणि त्यातला ध्वनीचा वेग उतरतो. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन आणि उणे १६३ म्हणजे ११० केल्विन. या दोहोंत नायट्रोजनची घनता सुमारे २.७ पट होते आणि चिकटपणा निम्म्याहूनही खाली येतो. ध्वनीचा वेग उतरल्यामुळे तोच माख अंक गाठायला वाराही हळू पुरतो, म्हणून थोडा तोटा होतो. तो वजा करूनसुद्धा रेनॉल्ड्स अंक जवळजवळ चौपट होतो. आणि या हिशेबातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की वाऱ्याचा प्रतिकृतीवर पडणारा जोर बदलत नाही. तो फक्त वायूचा दाब आणि माख अंक यांवर ठरतो. तापमान त्या सूत्रात येतच नाही. बोगद्यातला वारा ढकलणारा पंखा फिरवायला लागणारी शक्तीसुद्धा चाळीस टक्क्यांनी कमी होते. थंडीनं मिळालेले चार आणि दाब साडेचार वातावरणांवर नेऊन मिळालेले साडेचार यांचा गुणाकार केला तर अठरा येतो. आपल्याला हवी होती ती सोळा-सतरा पट इथं हाती लागते.

थंड वारा वापरायची कल्पना ब्रिटनमध्ये आर. स्मेल्ट यांनी १९४५ मध्येच मांडली होती, पण ती कागदावरच राहिली. १९७१ मध्ये साउथम्प्टन विद्यापीठाचे मायकेल गुडयर लँगलीत काम करत होते. प्रतिकृती चुंबकानं हवेत तरंगत ठेवायची, म्हणजे तिला धरणाऱ्या दांडीचा अडथळाच नको, असा त्यांचा प्रयत्न होता. चुंबक लहान ठेवायचा तर प्रतिकृतीही लहान हवी, आणि लहान प्रतिकृतीवर मोठा रेनॉल्ड्स अंक मिळवायचा तर थंडी. रॉबर्ट किलगोर यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये एक छोटा बोगदा थंड करून चालवून दाखवला. त्यातून लँगलीचा ०.३ मीटरचा बोगदा, मग १९८०च्या दशकातला अडीच मीटर रुंदीचा मोठा बोगदा, आणि १९९०च्या दशकात जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन व नेदरलँड्स यांनी मिळून कोलोनला बांधलेला युरोपीय बोगदा झाला. लँगलीच्या ०.३ मीटरच्या बोगद्याचं तापमान, दाब आणि माख अंक एकाच वेळी ताब्यात ठेवण्याचं गणिती प्रतिरूप एस. बालकृष्ण या भारतीय अभियंत्यानं बसवलं, हेही नोंदवायला हवं. हा ताबा ठेवणं सोपं काम नाही. थंडी वाढवली की दाब हलतो, दाब सावरला की माख अंक हलतो.

वारा थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन थेट बोगद्यात फवारतात. हा नायट्रोजन सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. पंढरपुरी म्हशीच्या गोठित रेतमात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात ज्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यात हाच उणे १९६ अंशांचा द्रव असतो. दवाखान्यातला कंटेनर काही लिटरांचा, तो कित्येक आठवडे पुरतो. बोगद्याची गोष्ट वेगळी. पंख्यानं वाऱ्यात ओतलेली सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते आणि ती काढून घ्यावी लागते. एक किलो द्रव नायट्रोजन वायू होऊन उणे १६३ अंशांपर्यंत तापताना सुमारे २३० किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे पंख्याच्या दर मेगावॉटमागे सेकंदाला चार किलोहून अधिक नायट्रोजन उडून जातो, आणि कोलोनच्या पंख्याची मोटर पन्नास मेगावॉटची आहे. त्यामुळे तिथल्या प्रत्येक मिनिटाला किंमत असते. साधी हवा थंड करून चालत नाही, कारण तिच्यातला ऑक्सिजन आधी द्रव होऊ लागतो आणि आगीचा धोका होतो. ओलावा तर अजिबात चालत नाही. वाफेचा अंश राहिला तर पंखावर हिमाची खरबरीत साय धरते, आणि सीमास्तर इतका पातळ झालेला असताना तेवढा खरबरीतपणाही निकाल बिघडवतो. प्रतिकृती म्हणूनच खास पोलादाच्या, आरशासारख्या घासलेल्या असतात.

आता दाबाकडे येऊ. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या दाबातला फरक म्हणजेच विमानाला वर उचलणारं बळ. पंखावर कुठं किती दाब आहे हे कळलं, तर आघात-तरंग कुठं उभा आहे, वारा कुठं सुटतोय, भार कुठं पडतोय, सगळं कळतं. यासाठी पृष्ठभागाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रं पाडतात. प्रत्येक छिद्रातून एक बारीक नळी आत जाते आणि सगळ्या नळ्या एका छोट्या पेटीत येतात. तिथं प्रत्येक नळीला एक सेन्सर असतो आणि इलेक्ट्रॉनिक स्विच एकामागून एक सगळ्यांचं वाचन घेतो. ही पेटी प्रतिकृतीच्या पोटात बसवून विजेनं उबदार ठेवतात. नळी बाहेरचा दाब आत आणते, थंडी बाहेरच राहते.

कुठल्याही विमानाचा वेग मोजणारी पिटो नळी याच तत्त्वावर चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरातल्या ढगांत बीजारोपणाचे प्रयोग केले, तेव्हा ढगांत शिरणाऱ्या विमानांना वाऱ्यातला स्वतःचा वेग सांगणारी गोष्ट म्हणजे नाकाजवळच्या छिद्रात साचणारा दाबच. सोलापूरवर पावसाळ्यात पाचेक किलोमीटर उंचीवर शून्य अंश लागतात. त्याच्या वर ढगातलं पाणी शून्याखालीही द्रवच असतं आणि धातूला लागताच गोठतं. पिटोचं तोंड बुजू नये म्हणून ते विजेनं तापवतात. सेन्सर मात्र आत, नळीच्या दुसऱ्या टोकाला सुखात असतो.

मग बोगद्यातही असंच करून भागत नाही का? स्थिर दाबासाठी बरंचसं भागतं. तिथंही अडचण आहे. उबदार पेटीची ऊब गळून पृष्ठभागापर्यंत आली, तर तिथला सीमास्तर बदलतो. त्यामुळे पेटीभोवती निरोधकाचं जाड आवरण लागतं आणि पातळ पंखात तेवढी जागा नसते. पण खरी अडचण वेगळी आहे. ध्वनीच्या वेगाजवळ पंखावरचा आघात-तरंग कधीकधी पुढे-मागे थरथरू लागतो, पंख हादरतो. वैमानिक त्याला बफेट म्हणतात. हा थरथराट सेकंदाला शेकडो वेळा होऊ शकतो. लांब, बारीक नळीतून तो जाईपर्यंत विरून जातो. तो पकडायचा तर सेन्सर पंखाच्या पृष्ठभागावरच, उघड्या वाऱ्यात, त्या थंडीतच बसवावा लागतो. दुसरा मार्ग नाही.

असा सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा एक पापुद्रा. त्याच्यावर दाब पडला की तो किंचित वाकतो, आणि त्यातच कोरलेल्या चार रोधांचा विद्युतरोध बदलतो. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉनचा हा गुण मोजून दाखवला. धातूची तार एक टक्का ताणली तर तिचा रोध साधारण दोन टक्के वाढतो. सिलिकॉनमध्ये त्याच ताणाला होणारा बदल धातूच्या पन्नास पटींपर्यंत जातो. पापुद्रा इतका हलका आणि ताठ असतो की सेकंदाला हजारो वेळा बदलणारा दाबही तो सहज टिपतो. चार रोध व्हीटस्टन ब्रिजमध्ये जोडतात. बारावीच्या प्रयोगशाळेत आपण ज्या ब्रिजवर सरकती कळ फिरवून शून्य शोधतो, तोच हा. दाबानं दोन रोध वाढतात आणि दोन घटतात, म्हणून ब्रिज कलतो. तापमानानं चारही सारखेच बदलतात, म्हणून कलायला नको.

‘नको’ हे कागदावर. प्रत्यक्षात चार रोध कधीच तंतोतंत सारखे नसतात. खोलीच्या तापमानाला हा फरक सांभाळता येतो. दोनशे अंश खाली गेलं की तो मोठा होऊन समोर उभा राहतो.

शिवाय आकुंचन. खोलीतलं एक मीटर पोलाद द्रव नायट्रोजनच्या तापमानाला नेलं तर सुमारे तीन मिलिमीटर आखडतं. एक मीटर सिलिकॉन ०.२ मिलिमीटरच आखडतं. चिकटवायला वापरतात त्या इपॉक्सीचं आकुंचन एक सेंटिमीटरपर्यंत जातं आणि वर ती ठिसूळ होते. म्हणजे पोलाद आणि सिलिकॉन यांच्यातला फरक दर दहा लाख भागांत सुमारे २,८००. पूर्ण दाबाखाली पापुद्रा ताणला जातो तो दर दहा लाखांत काहीशे. सिलिकॉन जर सरळ पोलादात घट्ट बसवलं, तर थंडीनंच त्याला दाबापेक्षा कितीतरी जास्त पिळून काढलं असतं, आणि वारा बंद असतानाही सेन्सरनं वादळ दाखवलं असतं. म्हणून पापुद्रा बोरोसिलिकेट काचेच्या चौथऱ्यावर बसवतात, कारण ती काच सिलिकॉनच्या जवळपास आखडते. आणि चौथरा पोलादाला असा जोडतात की पोलादाची ओढ पापुद्र्यापर्यंत पोचू नये. उत्तम सेन्सरची निम्मी कला या जोडणीत आहे असं मला वाटतं. तिच्यावर कौतुकाचे लेख लिहिले जात नाहीत, पण तिच्याशिवाय पुढचं काहीच शक्य नाही.

दुसरी भानगड सिलिकॉनच्या पोटातली. शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. त्यात बोरॉनचे अणू मिसळले की वाहक मोकळे होतात. हे वाहक मोकळे राहायला थोडी उष्णता लागते. बोरॉन कमी मिसळला असेल तर खोल थंडीत वाहक परत अणूंना चिकटून बसतात, रोध भरमसाट वाढतो आणि सेन्सर भलतंच बोलू लागतो. बोरॉन खूप घातला तर अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की थंडीतही वाहक अडकत नाहीत. मग रोध आणि संवेदनशीलता दोन्ही तापमानाबरोबर फार बदलत नाहीत. पण तेवढ्या प्रमाणात मुळातली संवेदनशीलता घटते. थंडीसाठी सेन्सर बनवणारे हा तोटा जाणूनबुजून पत्करतात. तीव्र पण लहरी सेन्सरपेक्षा थोडा मंद पण विश्वासू सेन्सर बरा, हा निर्णय मला अगदी पटतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दाब नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजला जातो. पापुद्र्याच्या एका बाजूला वारा, दुसऱ्या बाजूला काय? तिथल्या बंद पोकळीत एक वातावरणाचा वायू कोंडला, तर ३०० केल्विनवरून ११० वर जाताना त्याचा दाब ०.३७ वातावरणांवर येईल. बाहेर काहीच बदललं नाही तरी सेन्सर ०.६३ वातावरणांची खोटी वाढ दाखवेल. म्हणून पोकळीत निर्वात ठेवतात. जिथं काहीच नाही तिथं थंडी काय बिघडवणार? किंवा मागे एक नळी जोडून ज्ञात दाब बाहेरून देतात.

ब्रिजला दिलेल्या विजेनंही सेन्सर तापतो. हजार ओहमच्या ब्रिजला दहा व्होल्ट दिले तर एक दशांश वॉट उष्णता त्या इवल्याशा चकतीत तयार होते. वारा स्थिर असताना ती साचते, वाहू लागला की उडून जाते, आणि सेन्सरचं तापमान वाऱ्याच्या वेगाबरोबर हलत राहतं. म्हणून कमी व्होल्टेजवर भागवायचं आणि लहान मिळालेला संकेत जपून वाढवायचा.

इतकी काळजी का, हे समजायला बोगद्यातली तपासणी कशी चालते ते पाहावं लागतं. थंड बोगद्याची मोठी सोय अशी की वाऱ्याचा जोर तोच ठेवून, म्हणजे पंख जेवढा वाकला आहे तेवढाच वाकलेला ठेवून, फक्त तापमान उतरवत नेता येतं. त्यामुळे निकालात जो बदल दिसेल तो निव्वळ रेनॉल्ड्स अंकाचा, असं म्हणता येतं. साध्या बोगद्यात हे दोन परिणाम वेगळे करताच येत नाहीत. पण आपण ज्या गोष्टीला हात लावतो ते तापमान आहे, आणि सेन्सर ज्याला बळी पडतो तेही तापमानच. तापमान उतरवल्यावर आघात-तरंगाजवळचा दाब बदललेला दिसला. तो बदल वाऱ्याचा की सेन्सरचा? दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेनं, एकाच कारणानं होऊ शकतात. सेन्सरची थंडीतली चूक इतर चुकांसारखी आकड्यांतला विस्कळीतपणा होऊन दिसत नाही. ती नेमकी आपण शोधत असलेल्या उत्तराचंच रूप घेऊन येते. बोगदा बांधायला कोट्यवधी खर्चले, नायट्रोजन टनांनी उडवला, आणि शेवटी सेन्सरचा स्वभाव विमानाचा गुणधर्म म्हणून नोंदला गेला, असं व्हायला वेळ लागत नाही.

यावर एकच उपाय, आणि तो कष्टाचा आहे. प्रत्येक सेन्सर बोगद्यात जाण्याआधी शीतपेटीत ठेवायचा, खोलीच्या तापमानापासून खाली पायरी-पायरीनं उतरवायचा, प्रत्येक पायरीवर ज्ञात दाब चढवत-उतरवत त्याचं वाचन लिहायचं. परत वर येताना तेच करायचं, कारण उतरतानाचे आणि चढतानाचे आकडे जुळले नाहीत तर जोडणीत काहीतरी सरकलं आहे. असा प्रत्येक सेन्सरचा स्वतंत्र तक्ता होतो. एकाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही, जरी दोन्ही एकाच सिलिकॉनच्या तबकडीतून कापले असले तरी. बोगद्यात मग दाबाबरोबर सेन्सरचं स्वतःचं तापमानही मोजतात आणि तक्त्यातून चूक वजा करतात. याशिवाय वारा बंद ठेवून, तापमान तेच राखून, शून्याचं वाचन पुन्हा घेतात. महागड्या नायट्रोजनच्या हिशेबात ही शांत मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. त्यांच्याशिवाय बाकीची मिनिटं वाया जातात.

हेच तत्त्व आपल्या खिशातही आहे. बऱ्याच मोबाइल फोनमध्ये उंची सांगणारी दाबाची चिप असते. तीही सिलिकॉनच्या पापुद्र्याची. तिच्या शेजारी एक तापमापक बसवलेला असतो आणि कारखान्यात काढलेला तिचा तक्ता तिच्याच स्मृतीत लिहिलेला असतो. ती उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत काम करते. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी असा साधा, तक्ता न भरलेला ब्रिज-सेन्सर घेऊन मेमधल्या दुपारी आणि पहाटे गच्चीवर त्याचं शून्य वाचून पाहावं, असं मला फार वाटतं. वीस अंशांच्या फरकातही शून्य हललेलं दिसेल. मग तो फरक वजा करायचा तक्ता स्वतः बनवावा. ज्यानं हे एकदा हातानं केलं, त्याला कोलोनच्या बोगद्यातला सेन्सर परका राहत नाही. फरक दोनशे अंशांचा आहे, पद्धत तीच.

छिद्रं आणि सेन्सर पंखावर ठरावीक जागीच बसवता येतात, मधल्या जागेत काय चाललं ते अंदाजानं भरावं लागतं. म्हणून दाब दाखवणारा रंग आला. या रंगातले रेणू निळ्या प्रकाशात चमकतात आणि ऑक्सिजनचा रेणू येऊन आदळला की विझतात. जिथं दाब जास्त तिथं ऑक्सिजन जास्त, म्हणून तिथं रंग अंधूक. कॅमेऱ्यात सगळ्या पंखाचा दाब एका चित्रात दिसतो. थंड बोगद्यात मात्र वारा नायट्रोजनचा, त्यात ऑक्सिजन नाही. आणि नेहमीचा रंग ज्या प्लास्टिकमध्ये मिसळतात त्यातून थंडीत ऑक्सिजन आत शिरतच नाही. जपानमध्ये केइसुके असाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर तोड काढली. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत-रासायनिक क्रियेनं सूक्ष्म छिद्रांचा थर तयार करायचा आणि चमकणारे रेणू त्या छिद्रांत उघडेच बसवायचे. नायट्रोजनमध्ये ऑक्सिजनचा अगदी लहान अंश सोडायचा. तेवढा अंश पुरतो, कारण थंडीत हे रेणू जास्त वेळ चमकत राहतात आणि विझायला त्यांना कमी ऑक्सिजन लागतो.

या रंगालाही तापमानाची बाधा होतेच. पंखाच्या एका भागाचं तापमान अर्ध्या अंशानं वेगळं असलं तरी त्याची चमक बदलते, आणि चित्रात तो दाबाचा बदल म्हणून दिसतो. म्हणून रंगवलेल्या पंखावरही काही छिद्रं आणि काही सिलिकॉनचे सेन्सर राखून ठेवतात, त्यांच्या जागी मोजलेल्या दाबाशी रंगाची चमक जुळवतात, आणि त्यावरूनच बाकीच्या पंखावरच्या चमकेला दाबाचे आकडे देतात.